वायव्येकडे तोंड करून

२ जून

पोचले! सकाळी ओमाहाहून निघाले आणि दुपारच्या कॉफीला लिओनाच्या नॉर्डाल गावात हजर, वाटेत एकाही ट्रकवाल्याला शिवी न देता. मोठ्याने तरी नाही. लिओना फाटकातच उभी होती. माझी धाकटी बहीण पासष्ट वर्षांची झाली, तरी मिठी मारण्याआधी अजून हात एप्रनला पुसते. दोघी रडलो. ती हाल्वोरसाठी, मी ती रडते म्हणून. हाल्वोर ट्वेट, तिचा नवरा, जानेवारीत गेला. अंगणातला बर्फ काढताना हृदय थांबलं, असं फोनवर कळलं होतं. तेव्हा रस्ते बंद होते, मला मातीलाही येता आलं नाही. एप्रिलमध्ये तिने लिहिलं, की अ‍ॅगी, तू आता निवृत्त, एकटी त्या खुराड्यात काय करतेस, इकडेच ये कायमची. मी फ्लॅट सोडला, पुस्तकं वाटून टाकली आणि आले.

घर फार छान आहे. पांढरं, लाकडी, पश्चिमेला व्हरांडा, आणि व्हरांड्यापुढे थेट क्षितिजापर्यंत मका. सगळं आयुष्य हवामान कचेरीत घालवलेल्या बाईला आणखी काय हवं? चारी बाजूंना आकाश, आणि मध्ये एकही साहेब नाही. दाबमापक आल्याआल्या बैठकीच्या भिंतीवर लावला. तापमापकाची पांढरी पेटी उद्या परसात बसवेन.

लिओनाला सांगितलं, पुढच्या जानेवारीत बर्फाला शिव्या मी घालीन, तू फक्त कॉफी कर. हसली. नाक पुसत, पण हसली. तिला पुन्हा माणसात आणायचं, एवढंच एक काम माझ्याकडे आता उरलं आहे, आणि ते मी चोख करणार.

५ जून

अख्खं गाव येऊन गेलं. सगळे मूळचे नॉर्वेजियन, सगळे ल्युथरन पंथाचे, आणि सगळ्यांच्या हातात झाकलेली भांडी. बटाट्याखाली खिमा, खिम्याखाली बटाटा. जेलीत किसलेलं गाजर घालतात आणि त्याला कोशिंबीर म्हणतात. आमच्या कॅथलिक शाळेतल्या सिस्टर पर्पेच्युआने याला पापांच्या यादीत नक्की जागा दिली असती. पण आदर मात्र केवढा! ओमाहात मी रिटायर झाले तेव्हा कचेरीने एक केक आणला, त्यावर माझं आडनाव चुकलेलं. इथे शेजारीण व्हर्ना सुंडबी मला म्हणाली, तुम्ही आलात ते फार बरं झालं, मिस व्होंद्रा, आम्ही वाटच बघत होतो. व्हर्नाचा आवाज कणकेसारखा सपाट आहे, पण शब्द चांगले होते.

धान्यकोठाराचा व्यवस्थापक ऑर्व्हिल एंगेब्रेटसन टोपी हातात घेऊन आला. वादळाचा भोंगाही त्याच्याच ताब्यात असतो. हवामान सांगायच्या त्या तुम्हीच का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सांगत नव्हते, अंदाज वर्तवत होते, आणि गडगडाटी वादळांत माझा हात धरणारा अख्ख्या कचेरीत कोणी नव्हता. त्याने मान हलवली. म्हणाला, पूर्वी हाल्वोर सांगायचा. मग खिडकीबाहेर बघत त्याने विचारलं, आज उकडतंय का हो?

मी उत्तर दिलं: फॅरनहाइटचे अठ्ठ्याऐंशी, हवा दमट. तेव्हा कुठे त्याने आभार मानून शर्टाचं वरचं बटण सोडलं.

नॉर्वेजियन माणूस खूश आहे की आजारी आहे हे कळायला त्याची नाडीच धरावी लागते, असं आमचे बाबा म्हणायचे. तरी एक नॉर्वेजियन जावई त्यांनी चालवून घेतला.

९ जून

रविवार. माझ्या कॅथलिक चर्चची मिस्सा तीस मैलांवर, तिथून परत येऊन लिओनाबरोबर त्यांच्या चर्चच्या अंगणात जेवायला गेले. दोन बाळांचा बाप्तिस्मा होता. एकही रडलं नाही. थंडगार पाणी डोक्यावर, आणि पोरं आपली टकामका बघतायत. आमच्याकडे बाप्तिस्म्याला पोरं चर्चचं छप्पर उडवायची. आयांचं कौतुक केलं. त्या म्हणाल्या, हो, गुणी आहेत.

लिओना मात्र अजून रोज दुपारी भांडी घासताना रडते. नळ मोठा सोडते, मला ऐकू येऊ नये म्हणून. मला ऐकू येतं. मी तिकडे जाऊन भांडी पुसत उभी राहते. बोलत नाही. मी न बोलणं म्हणजे केवढा त्याग, हे तिला माहीत आहे.

१३ जून

आज रंगीत पेन्सिली काढल्या, नकाशा पसरला आणि जुन्या पद्धतीने रेघा ओढल्या. कॅनडात थंड हवा साठली आहे. तिची पुढची कड, म्हणजे आघाडी, उद्या संध्याकाळी आमच्यावरून जाईल. इथली हवा मक्याच्या घामाने ओलीचिंब. वर मैलभर उंचीवर गरम कोरडा थर झाकणासारखा बसलेला. झाकण टिकलं तर माणसं नुसती शिजतात. आघाडीने पाचर मारून ते उचकटलं, की खालची सगळी वाफ एकदम आभाळात उसळते. झाकण कधी उघडेल आणि त्या वेळी आघाडी कुठे असेल, एवढ्याच प्रश्नावर मी आयुष्यभर पोट भरलं.

माझा अंदाज: आघाडी साडेपाचच्या सुमारास. वारा दक्षिणेचा एकदम वायव्येचा होईल. जोखीम: गारा लहान, वारा मध्यम, टॉर्नेडो जवळजवळ नाही.

ऑर्व्हिलला कोठारावर जाऊन सांगितलं. त्याने गारांचं विचारलं नाही, वाऱ्याचं विचारलं नाही. पहिली गार झुळूक नेमकी कधी, एवढंच दोनदा विचारून घेतलं.

१४ जून

मी संतापले आहे आणि ते लिहूनच झोपणार.

पाचच्या आधीपासून गाव आमच्या घरावरून जायला लागलं. प्रत्येकाच्या बगलेत घडीची खुर्ची, थर्मासमध्ये कॉफी, डब्यात गोड वड्या. गावाच्या टोकाला, बेसबॉलच्या मैदानापलीकडे, मक्याच्या कडेला खुर्च्या मांडायच्या, वायव्येकडे तोंड करून बसायचं आणि आघाडीची पहिली झुळूक अंगावर घ्यायची. 'गार घ्यायला जाणं' म्हणतात. आठवडाभर उकडून निघालेल्या माणसांनी यापेक्षा शहाणपणाचं काय करावं! मीही माझी टोपी घेतली. तर व्हर्ना फाटकात आडवी. तुम्ही नको हं, मिस व्होंद्रा, तुम्ही घरातच थांबा. खिडक्या लावून घ्या. मी कारण विचारलं. म्हणाली, तुम्हाला हवामान बघायचंय ना.

हवामान आकाशात असतं, सुंडबीबाई, बैठकीत नसतं, असं मी म्हणाले. ती नुसती उभी राहिली. मागून ऑर्व्हिल आला, तोही उभा राहिला. लिओनाने माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, अ‍ॅगी, माझ्यासाठी, एवढं ऐक. हाल्वोरही कधी यायचा नाही.

कॅथलिक बाई नको, एवढं तोंडाने म्हणायचं धैर्य नाही या लोकांना! मी खिडक्या लावल्या आणि काचेतून पाहिलं. पाच पस्तीसला माझी आघाडी आली. मका एका दिशेने आडवा झाला. खुर्च्यांतल्या माणसांनी हनुवट्या वर केल्या, सगळ्यांनी एकदम, आणि श्वास घेतला. मग खुर्च्या मिटून, पाऊस सुरू व्हायच्या आत, शिस्तीत घरी. वाटाण्याएवढ्या गारा पडल्या. अंदाज तंतोतंत, आणि कौतुक करायला घरात मांजरही नाही.

लिओना मैदानावरून परत आली ती थेट जेवायला बसली. दोनदा वाढून घेतलं.

१६ जून

लिओना रडली नाही. काल नाही, आज नाही. शांत झोपते. हाल्वोरचे कोट, बूट, त्याचं ते वास मारणारं कातडी जाकीट, सगळं खोक्यात भरून चर्चला दिलं. अगदी पटापट. मी म्हटलं, एखादं ठेव. म्हणाली, कशाला?

देवाचे आभार. मला वाटलं होतं वर्ष लागेल. मोकळी हवा आणि चार माणसं, हेच औषध असतं, आणि त्या ल्युथरन लोकांना मी माफ करायला तयार आहे. जवळजवळ.

२५ जून

काल दुसरी आघाडी. पुन्हा मी काचेमागे. त्यावर आता बोलायचं नाही असं ठरवलं आहे.

आज व्हर्नाकडे वाटी परत द्यायला गेले. ती शेगडीपाशी उभी राहून मला तिच्या सुनेची गोष्ट सांगत होती, आणि तिचा तळहात तापलेल्या शेगडीवर टेकलेला होता. मला आधी वास आला. मी ओरडले. तिने हात उचलला, बघितला आणि म्हणाली, अरे हो. मग गोष्ट पुढे सुरू केली. मीच तो हात नळाखाली धरला आणि मीच पट्टी बांधली. जाताना तिने विचारलं, आज उकडतंय का?

हा प्रश्न मला इथे रोज कोणी ना कोणी विचारतं. मला वाटायचं गप्पा मारायची रीत आहे.

२८ जून

लिओनाने उकळती कॉफी ओतली आणि तशीच प्यायली. ओठांना फोड आला आहे. आरशात बघून पावडर लावली.

मी तिच्या शेजारी बसून हाल्वोरचं नाव काढलं. मुद्दाम. लग्नात तो नाचताना पडला होता, ती गोष्ट. ती ऐकत होती. हो, पडला होता, असं म्हणाली. मग शेंगा सोलू लागली.

मी आयुष्यात पहिल्यांदा नळ मोठा सोडून रडले.

३ जुलै

डॉक्टरकडे नेलं. तीस मैलांवरचा तरुण डॉक्टर, चुणचुणीत. सुई टोचून पाहिली, लिओनाने मान वळवून त्याच्याकडे सभ्यपणे पाहिलं. तो म्हणाला, नसा ठीक आहेत, दुःखात असं होतं. मी म्हणाले, दुःखच तर नाहीये, तेच तर सांगतेय तुम्हाला! त्याने मला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मला!

६ जुलै

आज कळलं. विचारलं आणि तिने सांगितलं. इतकं सोपं होतं. खोटं बोलायला सुद्धा माणसाला काहीतरी वाटावं लागतं.

लिओना म्हणाली, गार घेतलं की दुखत नाही. हाताचं नाही, मनाचं नाही, कशाचंच नाही. पहिल्यापासून असं आहे इथे, निदान ती लग्न होऊन आली तेव्हापासून. पण मग उकडलेलंही कळत नाही, वारा फिरलेलाही कळत नाही. आघाडी कधी येणार ते कोणाला सांगता येत नाही. आणि महिन्यादोनमहिन्यांत घेतलेलं उतरतं, तेव्हा सगळं एकदम परत येतं, म्हणून पुन्हा घ्यावं लागतं. त्यासाठी एकाने घरात थांबायचं. ज्याला अजून कळतं असा एक. ते काम हाल्वोरचं होतं. ती त्याच्यासोबत घरात थांबायची. मग गेल्या डिसेंबरात हाल्वोर कंटाळला. म्हणाला, मलाही बसायचंय. वर्षाच्या शेवटच्या आघाडीला जाऊन बसला. जानेवारीत, उणे तीस असताना, शर्टाच्या बाह्या दुमडून बर्फ काढायला गेला. तिने खिडकीतून हाक मारली, कोट घाल. तो म्हणाला, कशाला, छान आहे. ती कोट घेऊन पोचली तेव्हा फावडं हातात होतं आणि तो उभाच होता, कुंपणाला टेकून.

हृदय नव्हतं थांबलं. म्हणजे थांबलंच, पण ते नंतर.

मग गावाने तिला विचारलं, आता तू थांबशील का? तिने विचार केला. म्हणाली, "मला थांबायचं नव्हतं, अ‍ॅगी. मला बसायचं होतं. म्हणून तुला लिहिलं, आणि तू येईपर्यंत थांबले."

हे सांगताना तिने शेंगांचा एक दाणाही खाली पाडला नाही.

७ जुलै

संताप. माझी बहीण! आठवीत तिच्या वाटची छडी मी खाल्ली होती. मला इथे दाबमापकासारखी भिंतीवर टांगायला बोलावलं. आणि हे लोक, हे जेलीत गाजर घालणारे, मी त्यांना नॉर्वेजियन समजत होते. शांत समजत होते. दुसऱ्या कुठल्याही गावात मी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं!

सामान बांधलं. मग सोडलं. हिला टाकून जाऊ? येत्या जानेवारीत हिला कोट घाल म्हणून कोण सांगणार? मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर, ओमाहाला. ती म्हणाली, कशाला? मी हात धरून ओढलं तर गाडीत बसली. पाच मैलांवर, सिग्नलला गाडी थांबताच, दार उघडून उतरली आणि चालत परत.

पण उतरतं. तिनेच सांगितलं, घेतलेलं उतरतं. महिन्यादोनमहिन्यांत. म्हणजे मी तिला पुढच्या आघाड्यांपासून घरात ठेवलं, तर माझी लिओना परत येईल. रडत येईल. येऊ दे.

१५ जुलै

कोरडं. दोन आघाड्या उत्तरेकडूनच सरकून गेल्या. देवा, असंच राहू दे.

आज भांडी घासताना लिओना मध्येच थांबली. काहीतरी आठवावं तशी. मग म्हणाली, पाणी गरम आहे का गं?

तिला कळलं! थोडंसं, पण कळलं!

१९ जुलै

नाही, नाही, नाही.

रेघा पुन्हा ओढून पाहिल्या. परवा. असला नकाशा मी सगळ्या नोकरीत दोनदा पाहिला असेल. कॅनडातून आघाडी, भर उन्हाळ्यात शरद ऋतूसारखी. वरच्या थरात वारा सुसाट, खाली मका नुसता पाझरतोय. झाकण दुपारपर्यंत टिकेल, म्हणजे सगळी वाफ साठत राहणार, आणि नेमकी दिवसाच्या सर्वांत तापलेल्या वेळी आघाडी पोचणार. सुरुवात सुट्या वादळांनी. सुटी वादळंच वाईट. फिरतात.

जोखीम: गारा मुठीएवढ्या. वारा छपरं नेणारा. टॉर्नेडो, हो.

आणि गाव खुर्च्या घेऊन मैदानात बसलेलं असेल. पळणार नाहीत. भीती वाटायला हवी ना पळायला.

२० जुलै

दारोदार फिरले. ओरडून सांगितलं, की उद्या माणसं मरतील. सगळ्यांनी आत बोलावलं, कॉफी दिली. व्हर्ना म्हणाली, असं का. ऑर्व्हिल म्हणाला, ठीक आहे, पण झुळूक किती वाजता?

तळघरात जा, मी म्हटलं. तो म्हणाला, तळघरात झुळूक येत नाही.

मग लक्षात आलं. यांना उकडत नाही, वारा कळत नाही. यांच्याजवळ फक्त माझा शब्द आहे.

२१ जुलै, सकाळ

खोटं बोलले. ऑर्व्हिलच्या डोळ्यांत बघून. म्हटलं, अंदाज बदलला, झाकण टिकतंय, आज आघाडी येत नाही, काही नाही, घरी बसा. उभ्या हयातीत एक अंदाज मुद्दाम चुकवला नव्हता. त्याने मान हलवली आणि काढलेली खुर्ची परत मिटली. विश्वास आहे त्यांचा माझ्यावर.

लिओनाला तळघरात न्यायचं. पण कशासाठी? वादळ येतंय म्हटलं तर ती मैदानाकडे जाईल. येत नाही म्हटलं तर तळघरात कशाला जाईल? बरण्या. बरण्या लावायच्यात म्हणेन.

दुपार

तळघरात. ती बरण्या पुसते आहे. मी पायरीवर बसून लिहिते आहे. आईची कँडलमासच्या सणाला चर्चमध्ये आशीर्वाद दिलेली मेणबत्ती लावली, वादळात लावायची ती. शेवटचा दाब फार खाली. बाहेर एक पान हलत नाही.

लिओनाने आत्ता माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "अ‍ॅगी, मला बरं वाटत नाहीये. हाल्वोर—" आणि तिचा चेहरा—तिचा जुना चेहरा—

येतेय. परत येतेय ती. फक्त तासभर. देवमाते, तासभर दे.

भोंगा

ऑर्व्हिलने. जिल्ह्यावरून फोन आला असेल, त्याने बटण दाबलं. भोंगा म्हणजे आघाडी दाराशी, तेवढं त्यांना कळतं. माझ्या खोट्याला कोणी विचारत नाही—वरती पावलं, रस्त्याने, खुर्च्यांचा खडखडाट—

लिओना उभी. तोंड वेडंवाकडं, रडतेय, खरं रडतेय. म्हणते, दुखतंय गं, फार दुखतंय, जाऊ दे मला. मी दार धरलं आहे. पाठ लावून. ती माझ्यापेक्षा—

गेली. ढकलून गेली. मी जाते तिला आ

२२ जुलै

कालची नोंद अर्धी राहिली. पूर्ण करते.

लिओना मैदानाकडे धावली. मी मागे. मैदानापाशी मी तिचं मनगट पकडलं. खुर्च्या मांडलेल्या होत्या, माणसं बसली होती. आकाश वायव्येला हिरवं होतं. मी तिला ओढत होते आणि ती रडत होती. मग मका आडवा झाला.

गार होतं. छान होतं.

लिओना रडायची थांबली. माझ्या हातात कोणाचं तरी मनगट होतं. ते का धरलं आहे ते मला दिसेना. म्हणून सोडलं. ती तिच्या खुर्चीत बसली. शेजारी एक खुर्ची रिकामी होती, त्यात मी बसले. व्हर्नाने वडी दिली.

पहिली गार ऑर्व्हिलच्या खांद्यावर पडली. तो तिच्याकडे बघत राहिला. वायव्येला ढगाची भिंत खाली आली आणि फिरू लागली, मग ती आमच्या बाजूला वळली. मला आठवलं की साडेचारची नोंद घ्यायची राहिली आहे. मी उठून घरी गेले. दाब वाचला, लिहिला. चष्म्यावर पाणी होतं ते पुसलं. वरची खोली नाहीशी झाली तेव्हा मी दाबमापकापाशी होते, म्हणून तळघराच्या जिन्यात गेले. मेणबत्ती विझलेली होती.

लिओनाला मी बोलावलं नाही. तसं कारण दिसलं नाही.

२३ जुलै

वारा वायव्य, मंद. आकाश स्वच्छ. हवा कोरडी. जोखीम: काही नाही.

धान्यकोठार रस्त्यावर आडवं आहे. ऑर्व्हिल बीटाच्या शेतात सापडला. व्हर्ना खुर्चीसकट. जे उरले ते मला विचारून गेले की पुढची कधी. मी नकाशा काढला.

मदतीला आलेली एक तरुण बाई मैदानात रडत बसली होती. तिला पाणी दिलं. ती म्हणाली, तुम्हाला कसं वाटत असेल, याची कल्पनाही करवत नाही. मी म्हटलं, ठीक आहे. डाव्या हाताची दोन बोटं उलटी वळली आहेत. तिनेच दाखवलं.

२४ जुलै

लिओनाला पुरलं. हाल्वोरच्या शेजारी. जागा चांगली आहे, उंचावर. पेटीत ठेवण्याआधी तिचे केस विंचरायला मला सांगितलं होतं. त्यात मक्याची पानं होती, ती काढली. चेहरा शांत होता. तो रविवारी दुपारी शांत नव्हता, हे मला आठवतं. बरण्यांपाशी तो वेगळा होता. मी त्याचीच वाट बघत होते.

आले, जेवले. खिमा होता.

लिओना माझी बहीण होती. तिने मला इथे टांगायला बोलावलं, आणि मी तिचा हात सोडला. यातल्या एका गोष्टीचा मला राग यायला हवा आणि दुसरीचं दुःख व्हायला हवं. दोन्ही शब्दांचे अर्थ मला येतात. घेतलेलं उतरतं, असं तिने सांगितलं होतं, म्हणजे सप्टेंबरपर्यंत सगळं एकदम येईल. पुढची आघाडी मात्र गुरुवारी आहे. तेव्हा घरात थांबायचं की बसायचं हे आजच ठरवलेलं बरं, म्हणून दोन्ही बाजू इथे लिहून पाहते.

थांबायचं, कारण लिओनासाठी कोणीतरी रडायला हवं. बसायचं, कारण गार असतं, छान असतं.